डोंगरातली राणी, कांदळातली मारिकिता

पहिला दिवस : सान हुआन ते एल युंकेचा पायथा

नेवार्कहून पहाटेचं विमान आणि चार तासांत पोर्तो रिको, कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. खिडकीची जागा बाबांना दिली होती. गुहागरहून दोन महिन्यांसाठी ते माझ्याकडे न्यू जर्सीला आलेत आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, "मला दुकानं नको दाखवूस. एखादं जंगल दाखव." मला तरी दुसरं काय हवं होतं? गेली तीन वर्षं या बेटावरच्या दोन पक्ष्यांबद्दल मिळेल ते वाचत होते. दोघंही गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातले, दोघंही पोर्तो रिको सोडून जगात कुठेच नाहीत आणि दोघंही धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत. एक डोंगरमाथ्यावर राहतो, दुसरा किनाऱ्यावरच्या खारफुटीत.

डोंगरातल्याचं स्पॅनिश नाव रेइनिता दे बोस्के एनानो, म्हणजे बुटक्या जंगलातली छोटी राणी. जातीने वटवट्या, पण आपल्या वटवट्यांचा नातलग नव्हे. अमेरिकेतल्या वटवट्यांचं कुळ वेगळं. किनाऱ्यावरची ती मारिकिता. साळुंकीहून किंचित लहान, कोतवालासारखी काळी कुळकुळीत आणि खांद्यावर पिवळा पट्टा. "म्हणजे राणी आणि मारिकिता," बाबांनी विमानतळावरच नावं पक्की केली. पुढचे सहा दिवस आम्ही तीच वापरली.

संध्याकाळी एल युंके डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम. अंधार पडला आणि चहूबाजूंनी "को-की, को-की" सुरू झालं. अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक, पण आवाज असा की खोलीत बोलताना सूर चढवावा लागत होता. "को" हा दुसऱ्या नरांना इशारा आणि "की" हे मादीला बोलावणं, असं वाचलं होतं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. "आपल्याकडे मिरगात असतं तसं," म्हणाले, आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

दुसरा दिवस : माउंट ब्रिटन, ढगात

एल युंके हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. पायथ्याशी ताबोनुकोची उंच झाडं, वर पालो कोलोरादो, घळींमध्ये आणि उतारांवर पामची दाटी आणि अगदी माथ्यावर बुटकं जंगल. चढताना आपण एकेक मजला ओलांडतोय असं वाटतं. माउंट ब्रिटनवरचा दगडी बुरूज १९३०च्या दशकातला. तो सुमारे ९४० मीटरवर आहे, तिथवर फरसबंद पायवाट जाते. बाबांचे गुडघे कुरकुरले, पण त्यांनी स्वतः तक्रार केली नाही.

माथ्यावरचं ते जंगल पाहून मी थबकले. झाडं आहेत, जुनी आहेत, पण दोन माणसांच्या उंचीची. वाऱ्याने पिळवटलेली, खोडाला बोटभर जाडीचं शेवाळ, फांदीफांदीवर पाण्याने भरलेली अननसासारखी झुडपं. सगळीकडून पाणी ठिबकत होतं, आणि तो पाऊस नव्हता. ढगच झाडांना पुसून जात होता.

याच जंगलात १९६८मध्ये कॅमेरॉन केपलर या पक्षीशास्त्रज्ञाला राणी पहिल्यांदा दिसली. १९७२मध्ये केपलर आणि केनेथ पार्क्स यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि जातीला अँजेला केपलर यांचं नाव दिलं. सान हुआनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर हा डोंगर, शतकानुशतकं माणसांची ये-जा, आणि तरी १९६८पर्यंत हा पक्षी कुणाच्या नोंदीत नाही. तिच्यासारखाच दिसणारा एक काळापांढरा वटवट्या हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. बरेच लोक राणीला तोच समजून पुढे गेले असणार. फरक सोपा आहे, पण पाहावं लागतं : पाहुणा खोडावर सरपटत किडे शोधतो, राणी पानापानांत शोधते, आणि राणीच्या कानाजवळ नि मानेवर पांढरे डाग असतात.

आम्ही चार तास थांबलो. दुर्बिणीच्या काचा धुक्याने भरायच्या, पुसायच्या, पुन्हा भरायच्या. राणी आली नाही. आमच्या गाईडबाईंनी आधीच बजावलं होतं की माथ्यावर तिची आशा धरू नका. जिथे ती सापडली, त्याच डोंगरावर तिची संख्या पुढच्या दशकांत घटत गेली. त्यात २०१७चं मारिया वादळ या डोंगरावरून गेलं आणि झाडांवर पान राहिलं नाही. नवी पालवी आली आहे, पण वाटेत अजून काही खोडं नुसती खांबांसारखी उभी आहेत.

उतरताना बाबांनी विचारलं, "गरम वाढलं तर हिने जायचं कुठे?" एल युंकेचा सर्वांत उंच माथा १,०७५ मीटरच्या आसपास. ढग वर सरकला तर त्याच्यामागे जायला डोंगरच शिल्लक नाही. मी तेवढंच सांगितलं.

तिसरा दिवस : गाडीतला

बेटाला दक्षिणेकडून वळसा घालून पोन्सेमार्गे पश्चिमेला. पोन्सेच्या अलीकडेच रंग पालटला. ओला हिरवा गेला, काटेरी करडा आला. पाऊस सगळा डोंगराच्या उत्तर अंगाला पडतो. घाटमाथा ओलांडून माणदेशात उतरावं तसं.

दुपारी रस्त्यालगतच्या टपरीत जेवलो. "आरोस कोन गांदुलेस" मागवला. बाबांनी पहिला घास घेतला आणि चमचा थांबवला. "अगं, हे तुरीचे दाणे आहेत. ओल्या तुरीचा भात आहे हा." खरंच होता. आपली तूर इथे गांदुले होऊन बसली आहे. बाबांनी दोनदा घेतला.

साबाना ग्रांदेहून १२० नंबरचा रस्ता वळणं घेत राणीच्या दुसऱ्या डोंगराला, मारिकाओला चढतो. पोचेपर्यंत अंधार झाला.

चौथा दिवस : मारिकाओ

मारिकाओचं जंगल एल युंकेसारखं ओलंचिंब नाही, हे सकाळी पहिल्या पावलालाच कळलं. पाऊस इथेही दोन मीटरच्या वर पडतो. पण जमीन सर्पेंटाइन नावाच्या हिरवट, बुळबुळीत दगडाची, तिच्यात पाणी टिकत नाही. त्यामुळे झाडं बारीक, पानं चिवट आणि लहान. बाबांनी माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली आणि टाकून दिली. "हिच्यात काजूसुद्धा रडेल." आणि याच जमिनीवर आज राणी सर्वांत जास्त आहे. पूर्वी ती बेटावर चार ठिकाणी आढळायची : एल युंके, मारिकाओ, कारिते आणि तोरो नेग्रो. शेवटच्या दोन ठिकाणी नंतरच्या पाहण्यांत सापडली नाही. आता दोनच डोंगर उरले, एक बेटाच्या पूर्व टोकाला आणि एक पश्चिमेला. मधे शेती, गावं, रस्ते. एकीकडची राणी दुसरीकडे जाईल असा रस्ताच नाही.

गाईडबाईंनी मोबाइलवर तिचा आवाज वाजवायला नकार दिला. आमच्यासोबत आलेल्या एका पाहुण्याला ते आवडलं नाही. तो म्हणाला, एकदाच वाजवा. बाई म्हणाल्या, हे पिल्लांचे दिवस आहेत. आवाज ऐकून नर भांडायला धावून येतो, तेवढा वेळ घरट्यावरून जातो. मला हे पटलं. पाहायची घाई आमची होती, किंमत तिला मोजावी लागली असती.

तासभर आम्ही इतरांनाच पाहिलं. सान पेद्रितो नावाचा, लाल गळ्याचा हिरवा चिमुकला पक्षी मातीच्या दरडीतल्या बिळाशी ये-जा करत होता. ल्योरोसा, म्हणजे रडवी, हिचा थवा कुरकुरत झाडांवरून सरकत होता. "हा थवा सोडू नका," बाई हळूच म्हणाल्या. राणी बहुतेक अशा मिसळलेल्या थव्याबरोबर फिरते.

आणि त्याच थव्याच्या मागून ती आली. आधी आवाज : एकाच सुरात घाईघाईने वाजवलेली टिकटिक, चढत गेलेली आणि शेवटी दोन-दोन अक्षरांत तुटलेली. गोड नाही. मग डोक्यावरच्या फांदीत हालचाल. शिंप्याहून किंचित मोठा पक्षी. पाठ काळी, पोटावर काळ्यापांढऱ्या रेघा, डोळ्याभोवती तुटलेलं पांढरं कडं. प्रत्येक पान खालून तपासायचं, मान वाकडी करायची, पुढच्या पानावर. एक हिरवी अळी ओढून काढली, फांदीवर दोनदा आपटली आणि गिळली नाही. चोचीत धरून गेली. सगळं मिळून पाऊण मिनिट झालं असेल.

"चोचीत धरून गेली म्हणजे घरी कुणीतरी आहे," बाबा म्हणाले. मी बाईंना त्याचं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी नुसतं बाबांकडे बघून मान हलवली आणि वहीत वेळ लिहिली.

घरटं शोधायचं नव्हतंच, पण ते कसं असतं हे बाईंनी दाखवलं. याग्रूमो नावाच्या झाडाची पानं छत्रीएवढी, पंजासारखी. वाळून गळाली की खाली पोचत नाहीत, मधल्या फांद्यांत अडकतात आणि द्रोणासारखी वळतात. राणीची पहिली घरटी सापडली ती अशा अडकलेल्या वाळक्या पानांत. इथे मारिकाओत तर झाडाच्या ढोलीतही तिने घरटं केल्याची नोंद आहे. बाईंनी जमिनीवर पडलेलं एक पान उचलून बाबांच्या हातात दिलं. वरून तपकिरी, खालून चांदीसारखं पांढरं, कडा आत वळलेल्या. बाबांनी ओंजळीत धरलं. वजन काहीच नव्हतं. एवढ्या आडोशात दोन-तीन अंडी, आणि वर चक्रीवादळांचा मुलूख.

दुपारी डोंगराच्या कुशीतल्या एका कॉफीच्या बागेत गेलो. मारिकाओ हे कॉफीचंच गाव. मधल्या काळात इथल्या पुष्कळ बागायतदारांनी सावलीची झाडं काढून उन्हातली कॉफी लावली, उत्पन्न जास्त येतं म्हणून. आता काही जण पुन्हा सावलीकडे वळत आहेत, कारण राणी सावलीतल्या कॉफीतही वावरते. २०१६मध्ये अमेरिकी सरकारने तिला संकटग्रस्त जाहीर केलं, तेव्हा सोबत नियम केला की उन्हातली बाग सावलीत आणणं, सावलीची बाग सांभाळणं यांना कायद्याची आडकाठी नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला. पक्षी रानात दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आता माझ्या जमिनीवर कोण काय लादणार म्हणून. इथे उलट झालं. बाबा बागेत शिरले ते तासभर बाहेरच येईनात. सुपारीच्या सावलीत मिरी नि जायफळ कसं धरतं, हे ते मालकांना हातवाऱ्यांनी सांगत होते. मालक त्यांना संत्र्याच्या आणि ग्वाबा नावाच्या झाडाच्या सावलीतली कॉफी दाखवत होते. दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती.

पाचवा दिवस : ला पारगेरा

मारिकाओच्या माथ्यावरून ला पारगेराचा समुद्र सरळ रेषेत वीस-एक किलोमीटर. सकाळी स्वच्छ असेल तर दिसतोही. घाट उतरायला मात्र दीड तास लागला.

मी दिवसभराच्या शोधाची तयारी करून आले होते. आणि मारिकिता सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. धक्क्यालगतच्या खानावळीच्या कठड्यावर कुणीतरी भाताची वाटी ठेवली होती. वाटीत चार काळे पक्षी. हातभर अंतरावर. बसल्या जागी पिवळा रंग नीट दिसेना, नुसती पंखाच्या कडेला रेघ. मग एकाने दुसऱ्याला ढकलायला पंख उचलले आणि खांद्यावरचा पिवळा झगझगीत उघडला, झेंडूच्या पाकळीसारखा. पंख मिटले, पिवळा गेला. चोच कठड्याच्या लाकडावर घासून दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुन्हा वाटीत.

बाबा थोडे हिरमुसले. "ही दुर्मीळ? ही तर आपल्या साळुंकीसारखी हॉटेलात जेवते."

इथेच मला या दोघींमधला फरक कळायला लागला. राणी दिसत नाही आणि म्हणून तिच्याबद्दल काळजी वाटते. मारिकिता समोर बसून भात खाते आणि म्हणून वाटत नाही. १९७६पासून ती संकटग्रस्त यादीत आहे, राणीच्या चाळीस वर्षं आधीपासून. या नैऋत्य किनाऱ्यावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तीनशेच्या आसपास उरली होती. कधीकाळी ती बेटाच्या किनारपट्टीवर सगळीकडे दिसायची.

तिच्यामागे लागला तो दुसरा पक्षी. तोर्दो, जांभळट चकाकीचा काळा, मूळ दक्षिण अमेरिकेतला. माणसाने जंगल तोडून ऊस लावला, गुरं चारली, तसा तो कॅरिबियन बेटांवरून एकेक उडी घेत उत्तरेकडे सरकला आणि १९५०च्या दशकात पोर्तो रिकोत पोचला. तोर्दो घरटं बांधत नाही. दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो आणि जाताना तिथली अंडी चोचीने फोडूनही जातो. ऐंशीच्या दशकाआधीच्या पाहण्यांत इथल्या मारिकितांच्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त घरट्यांत तोर्दोची अंडी मिळाली होती.

"कोकिळा," बाबा म्हणाले.

हो आणि नाही. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, पावशा सातभाईच्या. पण कावळे संपले नाहीत, सातभाई संपले नाहीत. त्यांची ओळख जुनी आहे. हजारो पिढ्यांत एकाने डाव शिकला, दुसऱ्याने प्रतिडाव. मारिकिताला असला पक्षी ठाऊकच नव्हता. आणि तिची संख्या मुळातच थोडी, कारण तिचं खारफुटीचं घर माणसाने भराव घालून, धक्के बांधून आधीच कुरतडलं होतं. उंदीर आले होते, तेही अंडी खात होते.

दुपारी गाईडबाईंच्या ओळखीने सापळा पाहायला मिळाला. खोलीएवढा जाळीचा पिंजरा, आत दाणे, पाणी आणि बोलावण्यासाठी ठेवलेले काही जिवंत तोर्दो. त्यांना पाहून बाकीचे वरच्या फटीतून आत उतरतात, परत वर जाता येत नाही. बेटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याची माणसं फेरी मारतात, चुकून शिरलेले इतर पक्षी सोडतात आणि तोर्दो मारतात.

बाबा जाळीपाशी उभे होते. आतले पक्षी सुंदरच होते, उन्हात जांभळे चमकत होते. "म्हणजे एकाला मारून दुसऱ्याला जगवायचं?"

बाई म्हणाल्या, "त्याचा दोष नाही, मला माहीत आहे. पण तो अख्ख्या खंडावर आहे. ही फक्त इथे आहे." मलाही बाईंचंच बरोबर वाटतं. मारण्यात मला आनंद नाही, पण ऊस आणि गुरं आणून तोर्दोची वाट आपणच मोकळी केली. आता हात झटकणं म्हणजे मारिकिताला मारण्याचा निर्णय घेणंच आहे. बाबांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जेवताना मधेच म्हणाले, "फेरी कधी चुकली तर?"

त्याचं उत्तर मला जास्त अस्वस्थ करतं. सापळे नीट चालले तेव्हा तोर्दोची अंडी मिळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. मारिकितांची संख्या सावरू लागली. पण तोर्दो संपत नाहीत, बेटभर आहेत. दरवर्षी विणीच्या हंगामात कुणीतरी पिंजरे उघडायचे, दाणे भरायचे, घरटी तपासायची. वादळाने रस्ते बंद झाले, पैसे आले नाहीत, माणूस निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की त्या वर्षीची पिल्लं तोर्दोची. राणीला निदान जंगल दिलं आणि तिला एकटं सोडलं तर ती आपलं आपण बघू शकते. मारिकिताला रोजची सोबत लागते.

सहावा दिवस : काबो रोहो आणि परत कांदळात

सकाळी काबो रोहोच्या दीपगृहापर्यंत जाऊन आलो. १८८२चं, कड्यावर, खाली गुलाबी छटेची मिठागरं. वारा इतका की बाबांची टोपी समुद्रात गेली.

दुपारनंतर होडीतून पिताहायाच्या खारफुटीकडे. इथे बाबा घरी आल्यासारखे झाले. पाण्यात पाय रोवलेली लाल खारफुटी पाहून म्हणाले, "हा कांदळ." मागे चिखलातून उभ्या श्वासमुळांची काळी खारफुटी. "आणि ही तिवर." शास्त्राच्या हिशेबानेही ते बरोबर आहे; जाती वेगळ्या, पण कुळी त्याच. आमच्या खाडीत लहानपणी तिवराच्या चिखलात ते खेकडे धरायचे, तसाच वास इथे होता.

कांदळाच्या फांद्यांत मधूनमधून पाण्यावर रोवलेले खांब आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पाइपांपासून बनवलेली घरट्याची चौकट. मारिकितांनी ती स्वीकारली आहे. खांबाला उंदीर चढू नयेत म्हणून पत्रा. माणसाला आत डोकावून तोर्दोचं अंडं काढून टाकता येतं. आमची होडी लांबच थांबवली होती. दुर्बिणीतून एक मादी चोचीत चारा घेऊन शिरताना दिसली; किंवा नर असेल, दोघं दिसायला सारखेच आणि पिल्लं दोघंही भरवतात.

सूर्य कलला तसे पक्षी मुक्कामाला बेटांकडे परतू लागले. किनाऱ्यावरून दोन-दोन, चार-चार, पाण्यावरून खालून उडत. बाई मोजत होत्या, त्यांनी बाबांनाही मोजायला लावलं. बाबा मराठीत मोजत होते, बोट नाचवत. अठरा, एकोणीस. एक मोठी झुंड आली आणि त्यांची गफलत झाली, पण त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. शेवटच्या उजेडात पंख उघडले की खांद्यावर ठिणगी दिसायची आणि विझायची.

"बावीस, तेवीस," आणि मग बाबांचं बोट हवेतच राहिलं. "याच्या खांद्यावर नाही गं काही."

बाईंनी दुर्बीण वळवली. "तोर्दो," म्हणाल्या. वही गुडघ्यावर घेतली, तेवीस लिहिलं, खाली एक लिहिलं, आणि होडीवाल्याला विचारलं की उद्या सकाळी पहिली फेरी या बाजूने मारता येईल का.